गॅस गीझर कुठे बसवावा: जागा ठरवण्याचा साधा हिशेब

सोलापुरातल्या जुन्या घरांत पाणी तापवायचा तांब्याचा बंब अंगणात नाही तर मागच्या पडवीत असायचा. त्यामागे फार विचार नव्हता. लाकडं-गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जायचा, खोकला यायचा, म्हणून बंब बाहेर. गॅसच्या गीझरला धूर नाही, वास नाही, आकारही शाळेच्या दप्तराएवढा. त्यामुळे प्लंबरने "कुठं लावू?" विचारलं की घरातून उत्तर येतं, "नळाजवळच लाव की." नळ बाथरूममध्ये, म्हणून गीझरही बाथरूममध्ये. धूर दिसत नाही एवढ्याच कारणावरून विस्तव घरातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत घट्ट बंद होणाऱ्या खोलीत जातो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. साधा, चिमणी नसलेला गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवायचा. ज्या खोलीत कोणी आंघोळ करतं किंवा झोपतं तिथे तो नको. हे का, आणि सोलापूरच्या घरांत अशी जागा कुठे काढायची, ते पुढे.

बंद बाथरूममध्ये काय होतं

६ लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. पाणी साठवायचं नाही, वाहतं पाणी तापवायचं, त्यामुळे त्याला एकदम मोठी आच लागते. ही आच साधारण १२ किलोवॅट, म्हणजे शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण पेटवल्यासारखी. त्यासाठी तासाला जवळजवळ १ किलो गॅस जळतो, आणि १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते.

आता बाथरूम मोजा. ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच म्हणजे १९२ घनफूट, साडेपाच घनमीटरच्या आत. गीझर पंधरा मिनिटं चालला तर त्याला ३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दार आणि खिडकी लावलेल्या बाथरूममधली निम्म्याहून जास्त हवा एका माणसाची आंघोळ होईपर्यंत खर्ची पडते. प्रत्यक्षात धोका तेवढा वेळ थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के खाली आला तरी ज्योत बिघडायला लागते. तोवर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होत असते, आता कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना चुरचुरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो ८०० भाग असेल तर पाऊण तासात चक्कर आणि मळमळ येते. १,६०० भागांना वीस मिनिटांत डोकं दुखतं आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. ३,२०० भागांना पाच-दहा मिनिटांत लक्षणं आणि अर्ध्या तासात मृत्यू. आंघोळ करणाऱ्याला वाटतं, उपाशीपोटी गरम पाणी घेतलं म्हणून गरगरलं, बीपी असेल. पाय लटपटतात, हातात कडी काढायचीही ताकद राहत नाही. बाहेरच्यांना नळाचा आवाज येत असतो, म्हणून कोणी दार वाजवत नाही.

थंडीच्या प्रदेशांत घर तापवायला गॅसची भट्टी असते, तिला फर्नेस म्हणतात. तिच्यासाठी अमेरिकेत एक जुना नियम वापरतात: दर १,००० बीटीयू (आच मोजायचं तिथलं एकक) आचेला खोलीत निदान ५० घनफूट हवा हवी. आपला ६ लिटरचा गीझर सुमारे ४१,००० बीटीयूचा. त्या हिशेबाने त्याला २,००० घनफुटांवर खोली लागेल, म्हणजे १६ फूट बाय १६ फुटांचा हॉल. शिवाय त्या भट्टीचा धूर चिमणीतून बाहेर सोडलेला असतो. आपल्याकडच्या साध्या गीझरला चिमणी नाही आणि खोली १९२ घनफुटांची.

"आमच्याकडे दहा वर्षं आतच आहे, काही झालं नाही," असंही ऐकू येतं. सोलापूरची हवा वर्षातला बराच काळ गरम. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटका देतं, गीझर बंदच असतो. इतर दिवसांत खिडकी उघडी असते, एक बादली भरली की काम झालं. धोका दिवाळीपासून जानेवारीपर्यंत असतो, पहाटे गारठ्याने खिडकीला पुठ्ठा लावला की. त्यात दिवाळीचं अभ्यंगस्नान, किंवा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी आलेले पाहुणे: पाच-सहा जण एकामागून एक आंघोळीला जातात आणि गीझर तासभर बंद होत नाही. पहिल्याला काही होत नाही. चौथा-पाचवा माणूस आधीच्यांनी खराब केलेल्या हवेत शिरतो.

मग कुठे लावायचा

बैठं घर असेल तर प्रश्न सोपा. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, परसात किंवा मागच्या बोळाकडे, वर पत्रा नाही तर छोटं छप्पर. पाऊस आत येऊ नये आणि थेट वारा ज्योतीवर येऊ नये, इतकंच. ज्योत दिसायची काच डोळ्यांच्या पातळीवर येईल इतक्या उंचीवर तो टांगा. ज्योत रोज दिसली पाहिजे. गीझरच्या वर निदान दोन फूट मोकळं असू द्या, कारण गरम वायू वरूनच सुटतो. बाजूला लाकूड, प्लास्टिकचा पत्रा, वाळत घातलेले कपडे नकोत. जवळची खिडकी झोपायच्या खोलीची असेल तर गीझर तिच्यापासून निदान एक मीटर बाजूला सरकवा. खिडकीच्या खाली तर अजिबात नको. विजेचं मीटर, स्विचबोर्ड यांच्या खाली-वरही नको.

जुळे सोलापूरकडच्या किंवा होटगी रस्त्याच्या फ्लॅटमध्ये चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी. पण ती खरोखर उघडी हवी. बऱ्याच ठिकाणी धूळ आणि कबुतरं नकोत म्हणून ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद केलेली असते. काचा लागल्या की ती बाल्कनी राहत नाही, खोली होते, आणि बाथरूमचाच हिशेब तिला लागू होतो. जाळी चालेल, काच नाही. ग्रिलवर कायम ताडपत्री अडकवत असाल तर तेही बंदच समजा.

फ्लॅटमध्ये आणखी एक फसवी जागा आहे: डक्ट. बाथरूमच्या खिडक्या ज्या अरुंद चौकात उघडतात आणि जिथून ड्रेनेजचे पाइप जातात, तो चौक. "बाहेरच लावलाय की" म्हणत गीझर तिथे टांगतात. डक्ट वरून उघडा असेल तर गरम वायू वर निघून जातो, पण वाटेत वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या लागतात. आणि वर कोणी पत्रा किंवा फायबरची शीट टाकली असेल, तर तो डक्ट म्हणजे तीन-चार मजली बंद डबा झाला. त्यात गॅस खाली तुमचा, त्रास वर दुसऱ्याला. डक्टमध्ये गीझर लावू नका.

एक्झॉस्ट पंख्याचंही तसंच. गीझर ड्राय बाल्कनीत आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू असेल, तर पंखा हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा दुसरीकडून ओढतो. बाल्कनीकडचं दार किंवा फट उघडी असेल तर गीझरचा जळका वायू तिथून घरात येतो. एकदा उदबत्ती पेटवून पाहा: सगळी दारं नेहमीसारखी लावा, पंखा सुरू करा आणि गीझरच्या जागी उदबत्ती धरा. धूर घराकडे वळला तर जागा चुकली. ही चाचणी गॅस जोडण्याआधी करायची, नंतर नाही.

स्वयंपाकघर ही नाइलाजाची जागा. खिडकी बाहेर उघडणारी आणि कायम उघडी राहणारी असेल, आणि भिंतीत दोन झरोके असतील, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर, दुसरा छताजवळ, तरच विचार करा. झरोका म्हणजे टाइलवाल्याने ठेवलेली चार बोटांची जाळी नव्हे. प्रत्येकी १० इंच बाय १० इंच मोकळी जागा धरा. एलपीजी गळला तर तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, त्याला खालचा झरोका लागतो. जळलेला गरम वायू वर जातो, त्याला वरचा. दोन्हींपैकी एकही झुरळं येतात म्हणून बुजवायचा नाही. बारीक जाळी बसवा आणि दर महिन्याला झाडा, कारण जाळीत कचरा बसला की झरोका असूनही नसतो. स्वयंपाकघरातच रात्री कोणाचं अंथरूण पडत असेल, तर ही जागाही बाद.

जिन्याखाली, माळ्यावर, कपाटाच्या आत, बेडरूममध्ये: नाही. यावर चर्चा नको.

चिमणीवाला गीझर

८-१० लिटरच्या काही गीझरना वर धुराचा पाइप जोडायची सोय असते. हे साध्यापेक्षा चांगले, पण पाइप खरोखर बाहेर गेला तर. गीझरच्या डोक्यावरून पाइप आधी सरळ वर गेला पाहिजे, मग वळण. थेट आडवा घेतला तर गरम वायूला ओढ मिळत नाही आणि तो मागे फिरतो. पातळ फॉइलचा लवचिक पाइप वळणावर चेपतो, त्याला भोकं पडतात. जाड पत्र्याचा घ्या. बाहेरच्या टोकाला जाळी हवीच, नाही तर पारवे पहिल्याच हंगामात घरटं करतात आणि चिमणी बंद पडते. असा गीझर असला तरी तो बाथरूममध्ये नकोच. फक्त ज्याची हवाही बाहेरून येते आणि धूरही बाहेर जातो, पेटी पूर्ण सीलबंद असते, त्याची गोष्ट वेगळी. ती मॉडेलं आपल्या बाजारात कमी आणि महाग.

सिलिंडर आणि नळी

गीझरची जागा ठरवताना सिलिंडरची जागाही ठरते. १४.२ किलोचं सिलिंडर उभंच, सपाट जमिनीवर, गीझरच्या थेट खाली नको, बाजूला निदान एक मीटर. मोरीच्या तोंडाशी किंवा गटाराच्या चेंबरजवळ ठेवू नका. गळलेला गॅस पाण्यासारखा उताराने जातो आणि चेंबरमध्ये साचतो. तळघरात तर मुळीच नको.

नारिंगी रबरी नळी, आयएसआय मार्कची, जास्तीत जास्त दीड मीटर, आणि पाच वर्षांनी बदलायची. ती भिंतीतून आरपार न्यायची नाही, टाइलखाली पुरायची नाही. अंतर जास्त असेल तर तांब्याचा किंवा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप भिंतीवरून उघडा न्या, क्लिपा लावा, आणि गीझरच्या आधी हाताला येईल असा कॉक ठेवा. शेगडीच्या रबरी नळीला मध्ये टी जोडून गीझरला गॅस देणं ही गल्लोगल्ली चालणारी गोष्ट आहे आणि ती चुकीची आहे. सांधा गळतोच, शिवाय दोन्ही एकदम पेटले की दाब पडतो, ज्योत पिवळी होते. गीझरला स्वतंत्र सिलिंडर आणि स्वतंत्र रेग्युलेटर द्या. जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, एकही बटण दाबू नका, आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

पाइपने येणाऱ्या गॅसची जोडणी असेल तर लक्षात घ्या: तो मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर छताला साचतो. एलपीजीचा गीझर त्यावर तसाच चालत नाही, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात.

गीझर विकत घेताना आयएस १५५५८ हा गॅस गीझरच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय मार्क पाहून घ्या. खोक्यावर "ऑक्सिजन कमी झाल्यास बंद" असं लिहिलं असलं तरी ती शेवटची राखण आहे, बाथरूममध्ये लावायची परवानगी नव्हे.

पाणी, दाब आणि सुताची धूळ

सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. काही दिवसांच्या आडाने येणारं पाणी टाकीत साठवून वापरायचं. म्हणजे गीझरला दाब टाकीच्या उंचीचाच. बहुतेक गीझर पेटायला ०.२ ते ०.२५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीचा तळ गीझरच्या २ ते अडीच मीटर वर हवा. तळमजल्यावर अडचण येत नाही. वरच्या मजल्यावर, स्लॅबवरच ठेवलेल्या टाकीखाली, गीझर पेटतो-विझतो. लोक मग बॅटऱ्या बदलत बसतात. टाकी चौथऱ्यावर चढवा किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल घ्या.

गीझर बाहेर गेला की "गरम पाणी यायला वेळ लागतो" ही तक्रार येते. अर्ध्या इंची १५ फूट पाइपात साधारण अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. मिनिटाला ६ लिटरने ते सात-आठ सेकंदांत निघून जातं. पाइप गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी प्लास्टिकचा घ्या, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो. बहुतेक गीझर बाथरूममधला नळ उघडला की बाहेर आपोआप पेटतात. काही स्वस्त मॉडेलना मात्र नळ थंड पाण्याच्या बाजूनेच बंद-चालू करायचा असतो. त्यांच्यासाठी थंड पाण्याचा पाइप आधी बाथरूममधल्या कॉकमधून फिरवून मग बाहेर गीझरला न्यावा लागतो. हे टाइल लावण्याआधी प्लंबरला सांगा, नंतर फोडाफोड.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षार तांब्याच्या कॉइलमध्ये बसतात आणि धार बारीक होते. ही तक्रार दिसते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जातं. न दिसणारी तक्रार दुसरी. अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल, जिथे घरातच किंवा शेजारी माग चालतात, तिथे सुताचे बारीक तंतू हवेत कायम असतात. गीझर खालून हवा ओढतो आणि हे तंतू बर्नरच्या हवेच्या भोकांत आणि वरच्या पंख्यांसारख्या तांब्याच्या पात्यांत अडकतात. हवा कमी पडते, ज्योत निळीची पिवळी होते, काजळी धरते, काजळीने वाट अजून अरुंद होते. म्हणजे गीझर उघड्यावर असूनही तो विषारी वायू जास्त सोडू लागतो. माग असलेल्या घरात गीझर मागाच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी नको. दुसऱ्या अंगाला न्या. गॅस बंद करून, झाकण काढून, मऊ ब्रशने दर दोन-तीन महिन्यांनी साफ करा. टॉवेलचे माग असतील तर महिन्याने. काचेतून पिवळी, लांब, डुलणारी ज्योत दिसली की त्या दिवसापासून गीझर बंद, आधी मेकॅनिक.

आत लावलेला असेल तर

तो बाहेर न्यायचा. तोवर नियम एकच: दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, सिलिंडरचं बटण फिरवा, मग आंघोळीला जा. २० लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. दुसऱ्या माणसासाठी बादली भरायच्या आधी पाच-दहा मिनिटं दार आणि खिडकी उघडी ठेवा. गीझर चालू ठेवून शॉवर घेणं पूर्ण बंद. भाड्याच्या घरात मालक ऐकत नसेल तर हाच नियम कायमचा पाळा.

बाजारात दोन वेगळे अलार्म मिळतात आणि दुकानदारसुद्धा गल्लत करतात. एलपीजी गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. तो वायू हवेइतकाच जड असल्याने सगळीकडे मिसळतो, म्हणून माणसाच्या नाकाच्या उंचीवर, झोपायच्या खोलीजवळ. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

बाथरूममधून हाकेला ओ आली नाही तर दार फोडा, माणसाला उघड्या हवेत आणा, गीझर बंद करा, १०८ ला फोन करा. आत जाणाऱ्याने श्वास रोखून जावं आणि लगेच बाहेर यावं. सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य "गॅस गीझर चालू होता" हे सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८-९९ दाखवतं, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. आकडा बघून "ठीक आहे" म्हणून घरी नेऊ नका; रक्ताची वेगळी तपासणी लागते.

जागाच नसेल तर

उघडी भिंत नाही, बाल्कनी बंद, स्वयंपाकघरात अंथरूण पडतं, अशी एक-दोन खोल्यांची घरं शहरात पुष्कळ आहेत. तिथे गॅस गीझर घेऊच नये, तो स्वस्त पडतो हे मान्य करूनही. गच्ची आपली असेल तर सोलापूरच्या उन्हात सोलर हा पहिला पर्याय. नसेल तर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा गीझर. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. हे तिन्ही वायरमनकडून लिहून घ्या. बोअरच्या पाण्यावर त्यातला, टाकी गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा दर एक-दोन वर्षांनी काढून पाहायचा. झिजून बारीक झाला असेल तर तेव्हाच बदला, नाही तर पुढची पाळी टाकीची.